फूल झाडावरच असावे

हरिहरराव पांढरीपांडे वकिलांना या सगळ्यात मिळणार काय होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. कारण पुढे लोक त्याला भक्ती म्हणू लागले.

मिळणार होती एक खुर्ची. वेताच्या बैठकीची, दोन हातांची, अमरावतीच्या कचेरीत ऑनररी मॅजिस्ट्रेटच्या नावाने मांडलेली. तिच्यावर बसणारे गृहस्थ दसऱ्यानंतर वारले, आणि त्यांच्या पिंडाला कावळा शिवायच्या आत तीन वकील जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जाऊन दुखवटा व्यक्त करून आले. खुर्चीला पगार नव्हता. पण बिनकंदिलाची बैलबंडी हाकणाऱ्याला तिच्यावरून दंड ठोकता येई, पट्टेवाला वाकून सलाम करी, आणि मुख्य म्हणजे तिचा खरा उपयोग अकोल्यात होणार होता.

अकोल्याला हरिहररावांचे साडू भगवंतराव राहत. ते तिथले ऑनररी मॅजिस्ट्रेट. त्यांना तो मान मिळाल्यापासून सासुरवाडीच्या कोणत्याही कार्यात भगवंतरावांना खुर्ची आणि हरिहररावांना सतरंजी, असा रिवाज पडला होता. कायद्याचं ज्ञान दोघांचं सारखंच होतं, म्हणजे बेताचं. पण सतरंजीवर बसून दिलेलं मत खुर्चीपर्यंत पोचत नाही. आता वैशाखात भगवंतरावांच्या मुलीचं लग्न निघालं होतं. त्या मांडवात दुसरी खुर्ची पडावी, हा हरिहररावांचा त्या वर्षीचा एकमेव राजकीय विचार होता. बाकीचे लोक त्या सुमारास स्वराज्य मागत होते.

खुर्ची देणं साहेबाच्या हातात होतं, आणि साहेब मड्डमसाहेबांच्या. वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलं गेल्यापासून साहेब आले तसे गेले, पण या मड्डमसाहेबांनी येताच एक गोष्ट हेरली, की इथल्या प्रतिष्ठित माणसाच्या अंगणात पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग, मोडकी बंडी आणि बांधलेली म्हैस याखेरीज काही नसतं. ज्याला आपली झुडपं ओळीत ठेवता येत नाहीत तो साक्षीदार ओळीत कसे ठेवणार, असा प्रश्न त्यांनी जेवणाच्या टेबलावर विचारला आणि दिवाळीच्या आत 'गृहोद्यान सुधारणा कमिटी' स्थापन झाली. कमिटीचं परिपत्रक निघालं. प्रतिष्ठित नागरिकांनी हिवाळ्यातच बागेची मशागत करून वसंताची सिद्धता ठेवावी. माघाच्या अखेरीस पाहणी होईल. बाग रस्त्यावरून दिसावी, सबब कुंपणाची भिंत दोन हातांहून उंच नसावी. फूल झाडावरच असावे. ते असल्याची शक्यता, आश्वासन अथवा शेजाऱ्याची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही. पहिल्या येणाऱ्या बागेच्या मालकास चांदीचा कप मिळेल. खुर्चीचा उल्लेख परिपत्रकात कुठेही नव्हता, म्हणून सगळ्यांना तो स्पष्ट दिसला.

तीन उमेदवारांपैकी एकाला अंगण नव्हतं. दुसऱ्याला होतं, पण त्यावर चुलतभावांचा दावा चालू होता आणि तो दावा तिसऱ्याने, म्हणजे हरिहररावांनीच, चुलतभावांतर्फे लढवायला घेतलेला होता. तेव्हा राजापेठेतल्या हरिहररावांचं मोकळं, निर्वेध, पूर्वाभिमुख अंगण तेवढं मैदानात उरलं.

म्हैस विकली गेली. बडनेऱ्याच्या रस्त्यावर मळा असलेली पार्बताबाई माळीण कामाला आली. ती घरोघर हारफुलंही पुरवायची, त्यामुळे राजापेठेतला कोणता देव किती फुलं खातो हे तिला पाठ होतं. कार्तिकात तिने काळी माती हातभर खणून उन्हात टाकली, तिच्यात रेती आणि शेणखत कालवलं, वाफे पाडले. गुलाबाची छाटणी केली. शेवंती, झेंडू, जास्वंद, कण्हेर लावली. कमिटीकडून आलेलं विलायती बी तिने तळहातावर घेऊन पाहिलं आणि राखेत मिसळून एका कोपऱ्यात पेरलं.

हरिहरराव पायरीवर उभे राहून म्हणाले, "माघाच्या शेवटी बाग फुलांनी भरली पाहिजे, पार्बताबाई. एक वाफा रिकामा दिसता कामा नये."

"वाफे मी करून देईन, वकीलसाब. खत घालून देईन, फूलबी आनून दाखवीन. पन ते झाडावर ठेवाचं काम माह्याकडे नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमची भित दोन हात हाय. अन् राजापेठेतल्या बायाइचे हात तीन हात हायेत."

हरिहररावांना ते अडाणी बोलणं वाटलं. भिंतीची उंची सरकारने ठरवलेली होती, आणि हातांची लांबी सरकारच्या विचाराधीन नव्हती.

मार्गशीर्षात पहिली शेवंती उमलली. हरिहररावांनी ती संध्याकाळी मोजली नाही, नुसती डोळे भरून पाहिली. सकाळी तिथे देठ होते. तो गुरुवार होता, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघर महालक्ष्मीचा घट बसतो हे त्यांना माहीत होतं. त्यांच्याही घरी बसला होता. त्यापुढे चंपाषष्ठीला झेंडू गेला, चतुर्थीला जास्वंद गेली, एकादशीला जे काही पांढरं होतं ते गेलं. मराठी पंचांगात बिनदेवाची तिथी नाही, ही गोष्ट त्यांच्या इतक्या वर्षांत ध्यानात आली नव्हती.

त्यांनी फाटकावर पाटी लावली: 'फुले तोडू नयेत. हुकुमावरून.' दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहतात तो समोरच्या घरातले रामराव मास्तर हातात परडी घेऊन, पायाच्या चवड्यांवर उभे राहून, भिंतीवरून आकडीने गुलाबाची फांदी खाली ओढत होते.

रामराव मास्तर पेन्शनर होते. साधा माणूस असता तर हरिहररावांनी त्याला चोरीच्या कलमाखाली उभा चिरला असता. पण उमेदवाराचं शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वर्तन कसं आहे याचा अहवाल तहसीलदाराने पाठवायचा होता, आणि तहसीलदार रामरावांच्या हातची छडी खाऊन मोठा झालेला होता. अजून तो मास्तर दिसले की तळहात झाकून घेई. अहवाल लिहिणार तहसीलदार, पण सांगणार रामराव. म्हणून हरिहरराव फक्त खाकरले.

"नमस्कार, मास्तर. पाटी वाचली असेलच."

"वाचली. 'तोडू'चा तो दुसरा उकार बरोबर काढला तुम्ही." रामरावांनी गुलाब खुडून परडीत ठेवला. "पण ती पाटी मले लागू नाही. मी कुठं तोडून राहिलो? देव मागवतो, मी नेऊन देतो. साहेबाचा हुकूम घेऊन आलेल्या पट्टेवाल्यावर कोणी फिर्याद करते काय, वकीलसाहेब?"

"पण झाड माझं आहे."

"झाड तुमचंच. झाडाले मी हात लावला काय? फांदी आकडीनं ओढली." मग आवाज उतरवून ते आपुलकीने म्हणाले, "तुमच्या देव्हाऱ्यात आमच्या घरची तगर किती वर्षं जात होती, विचारा वहिनींना. तोडून तोडून वाळली बिचारी. आम्ही पाटी लावली नव्हती."

हरिहररावांनी आत जाऊन विचारलं. गोदावरीबाई चुलीसमोर होत्या.

"हो, जात होती. मीच आणत असे," त्या म्हणाल्या. "काहून? देवाला फूल वाहायचं नाही काय आता? की त्यालाही नोटीस देता?"

"अगं, पण विकत नाही आणता येत?"

"देवाचं फूल विकत आणतात ते लोक वेगळे," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी अन्नपूर्णेला वाहायला त्या दिवशी घेतलेलं जास्वंद हरिहररावांच्याच बागेतलं होतं, आणि ते बागेतलं शेवटचं होतं.

पौष लागला. पार्बताबाईने मोगऱ्याचं पाणी तोडलं, पानं झाडून टाकली. आता त्याला तहानलेला ठेवला तर वसंतात तो कळ्यांनी लवेल, असं तिचं म्हणणं. गुलाबाला दुसरा बहर धरू लागला होता. पाहणीला महिना-सव्वा महिना उरला होता. हरिहरराव रात्रंदिवस विचार करत होते, आणि वकील विचार करतो तो विरुद्ध पक्षाच्याच कायद्यात भोक कुठे आहे याचा. ते त्यांना सापडलं. देवाला हुंगलेलं फूल चालत नाही.

दुसऱ्या दिवसापासून राजापेठेने एक दृश्य पाहिलं. भल्या पहाटे, कानाला उपरणं गुंडाळून, हरिहरराव बी.ए., एल्‌एल.बी. प्रत्येक झाडाशी वाकत आणि प्रत्येक फुलात नाक खुपसून दीर्घ श्वास घेत. वास नसलेली जास्वंदही त्यांनी सोडली नाही. भिंतीबाहेर परड्या घेऊन उभ्या राहिलेल्या बाया पदराआड हसत, पण हात आवरत. तीन दिवस बाग वाचली. चौथ्या दिवशी पौषातल्या दवाने आपलं काम केलं आणि हरिहररावांना सपाटून सर्दी झाली.

रामरावांनी भिंतीवरून हात घातला.

"थांबा, मास्तर. ते हुंगलेलं आहे," हरिहरराव म्हणाले. ते 'बास्तर' असं ऐकू आलं.

"कोणी हुंगलं?"

"मी."

"कशानं?" रामरावांनी विचारलं. "वास आला काय तुम्हाले? खरं सांगा. देवाच्या कामात वकिली नको."

हरिहररावांनी प्रामाणिकपणे पुन्हा हुंगून पाहिलं. काही आलं नाही.

"नाक चोंदलेलं असताना हुंगणं हे हुंगणं नव्हे. ते नुसतं वाकणं झालं," असा निकाल देऊन रामरावांनी गुलाब घेतला. निकाल गल्लीभर गेला. सर्दी उतरेपर्यंत बागेत पानं तेवढी शिल्लक राहिली, आणि उतरल्यावर लोक हुंगायच्या आधी येऊ लागले.

तेव्हा हरिहरराव चिंतामणभटजींकडे गेले. भटजींनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "फूल झाडावर राहिलं पाहिजे, आणि त्याला कोणी शिवता कामा नये. असंच ना?"

"असंच."

"मग ते आधीच वाहून टाका. एकदा वाहिलेलं फूल ते निर्माल्य. निर्माल्य दुसऱ्या देवाला चालत नाही. त्यातून महादेवाला वाहिलेलं असेल तर शिवनिर्माल्य. ते शिवायचं तर नाहीच, ओलांडायचंही नाही. आडवं आलं तर माणूस वळसा घालतो."

"पण तोडल्याशिवाय वाहायचं कसं?"

"झाडावरच्या झाडावर. मनाने. उमललेलं, उमलणारं आणि पुढे कधी उमलेल ते, सगळं एका संकल्पात."

"याला शास्त्रात आधार आहे?"

"आधाराची अडचण कधीच नसते, वकीलसाहेब," भटजी म्हणाले. "यजमान पाहिजे."

माघ शुद्धात मुहूर्त काढला. गुलाबाच्या वाफ्यांच्या मधोमध ओटा बांधून त्यावर नर्मदेतला बाण पिंड म्हणून बसवला. अख्खी गल्ली दर्शनाला आली. हरिहररावांनी सोवळं नेसून हातावर पाणी घेतलं, आणि मूळ, खोड, पान, कळी, फूल असं सगळं महादेवाला अर्पण करून 'इदं न मम' म्हणजे 'हे माझं नव्हे' असं तीनदा खणखणीत म्हणून पाणी सोडलं. पाणी सोडताना त्यांना हसू आवरेना. उभ्या जन्मात त्यांनी इतका पक्का दस्तऐवज तोंडी केला नव्हता. रामरावांचा हात परडीकडून आपोआप नमस्काराकडे वळला.

आणि बाग वाचली, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे एकही परडी भिंतीजवळ आली नाही. गुलाब फुलले ते झाडावर राहिले. शेवंती, झेंडू, कण्हेर, कमिटीचं विलायती बी, सगळं आपापल्या जागी डोलत राहिलं. हरिहररावांनी अकोल्याला पत्र टाकलं, त्यात मांडवात जागा किती आहे याची चौकशी केली.

आठवड्याने पार्बताबाई फाटकाशी येऊन उभी राहिली. आत येईना.

"काय झालं?"

"पाकळ्या पडल्या हायेत वाटंवर. महादेवाच्या निर्माल्यावर पाय देऊ काय मी? लेकराबाळाची मानूस हाव."

"मग झाडून टाक."

"झाडाले आत याव लागते, जी."

"मग पाणी कोण घालणार?"

"तुमी दिलं ना महादेवाले? आता त्याच्या डोक्यावर तं गंगा हाय."

हरिहररावांनी स्वतः बादली उचलली. गोदावरीबाई दारात आडव्या झाल्या. "त्यावर पाय पडला तर गंधर्वाचीसुद्धा विद्या गेली म्हणतात. तुमच्याकडे एकच सनद आहे."

पाच दिवस बागेत कोणी गेलं नाही. वाळलेली फुलं झाडावर, ताजी त्यांच्या खांद्यावर, कळ्या वर तोंड करून. एकेका फांदीवर तीन पिढ्या नांदू लागल्या. माती तडकायला लागली. पुन्हा चिंतामणभटजी. त्यांनी सांगितलं, की शिवाचं निर्माल्य काढायचा अधिकार गुरवाचा. राजापेठेतले गुरव आपापल्या देवळाला बांधलेले. शेवटी बार्शीटाकळीहून खुशाल गुरव आणवला. तो आला तो बायको, दोन शेळ्या आणि डमरू घेऊन आला. म्हशीचा गोठा रिकामाच होता, तिथे त्याने चूल मांडली. पहिल्याच दिवशी त्याने फाटकावरची 'हुकुमावरून' ही पाटी काढून चुलीत घातली, फाटकाशी चपला काढायची जागा आखली, आणि हरिहररावांना विचारलं, "तुमी इथंच राहता काय?"

पण बाग पुन्हा हिरवी झाली. खुशाल पहाटे पाणी घाली, वाळलेलं काढी, घंटा वाजवी. गल्ली दोन वेळा दर्शनाला येई, हात मागे बांधून फुलं पाही आणि जाई. हरिहररावांना वाटलं, घंटेचा त्रास आहे खरा, पण महिन्याभराचा प्रश्न आहे. खुर्ची पदरात पडली की महादेवाला सन्मानाने नदीकाठी पोचवता येईल.

पाहणीचा दिवस साहेबाच्या सोयीने, सरकारी सुट्टी पाहून ठरवलेला होता. ती सुट्टी महाशिवरात्रीची होती.

सकाळी राजापेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. नवा महादेव, ताजा संकल्प, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या देवळापेक्षा जवळ. लोकांच्या हातांत परड्या होत्या, त्यांत दुसरीकडून कुठून कुठून आणलेली बेलफुलं होती, आणि आकड्याही होत्या, कारण ती दुसरीकडून आणलेली होती. साहेबाची मोटार आली. साहेब, मड्डमसाहेब आणि मागे तळहात झाकून तहसीलदार असे उतरले.

खुशाल गुरव फाटकात आडवा झाला. "बूट भाईर."

तहसीलदाराने घाम पुसत भाषांतर केलं. मड्डमसाहेबांनी आपल्या बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं, त्या सोडायला लागणारा वेळ पाहिला, आणि पाहणी भिंतीबाहेरूनच करायचं ठरवलं. भिंत दोन हातांहून उंच नसावी हा नियम त्यांच्याच उपयोगी पडला.

आणि बाग तरी काय होती! गुलाबाच्या फांद्या ओझ्याने वाकलेल्या, झेंडूचे ताटवे, कडेला विलायती फुलांची पट्टी, आणि तहानलेल्या मोगऱ्यावर पहिल्या कळ्या. मड्डमसाहेब भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग त्यांनी विचारलं, की आमच्या स्वतःच्या बंगल्यात, पहारा असूनसुद्धा, सकाळी एक फूल झाडावर राहत नाही. इथे हे राहतं कसं?

तहसीलदाराने गर्दीकडे पाहिलं. गर्दीने रामरावांकडे पाहिलं.

"आम्ही लोक हात लावत नाही," रामराव पुढे येऊन म्हणाले.

"का?"

"वळण," रामराव म्हणाले. "लहानपणापासून लावावं लागते." आणि त्यांनी तहसीलदाराकडे पाहिलं. तहसीलदाराने भाषांतर करताना त्यात स्वतःच्या अनुभवाची भर घातली.

साहेब खूश झाला. त्याने शेवटचा, केवळ रीतीचा प्रश्न विचारला. ही बाग कोणाची?

"महादेवाची," खुशाल गुरव म्हणाला.

हरिहरराव सोवळं नेसून ओट्याशी उभे होते. ते पुढे झाले. 'माझी' एवढाच शब्द म्हणायचा होता. त्या शब्दापलीकडे कप होता, कपापलीकडे खुर्ची, आणि खुर्चीपलीकडे अकोल्याचा मांडव. त्यांनी तोंड उघडलं. शंभर माणसं त्यांच्या ओठांकडे पाहत होती. बाग जर यांची, तर संकल्प खोटा. संकल्प खोटा, तर हे निर्माल्य नव्हे. आणि हे निर्माल्य नव्हे, तर आज शिवरात्र आहे. पुढच्या रांगेतली एक आकडी हळूच खांद्याइतकी वर आली. तिच्यामागे दुसरी. फूल झाडावरच असावे, असं परिपत्रक म्हणत होतं. साहेबाने अजून निकाल लिहिलेला नव्हता.

"बाग तर..." हरिहरराव म्हणाले.

आणखी चार आकड्या वर आल्या.

"इदं न मम," हरिहरराव म्हणाले.

आकड्या खाली गेल्या. 'हर हर महादेव' झालं. तहसीलदाराने साहेबाला सांगितलं, "हे म्हणतात, त्यांची नाही."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. कमिटीचा पहिला क्रमांक राजापेठेतल्या बागेला मिळाला, आणि कप मालकाला द्यायचा असल्याने त्यावर 'श्री. महादेव, राजापेठ' असं कोरून आलं. खुशाल गुरवाने तो तांबटाकडे नेऊन त्याच्या बुडाला भोक पाडून घेतलं आणि पिंडीवर टांगला. तेव्हापासून त्यातून थेंब थेंब अभिषेक चालू आहे. कप चांदीचा नसून चांदीचं पाणी दिलेला आहे, हेही भोक पाडताना कळलं. पण महादेवाची तक्रार आली नाही.

खुर्चीबद्दल साहेबाने हरिहररावांना स्वतंत्र, अत्यंत आदराचं पत्र पाठवलं. ज्या गृहस्थाने राहत्या घराची बाग देवाला देऊन टाकली आणि भर गर्दीत तिच्यावरचा हक्क नाकारला, अशा विरक्त पुरुषावर बंड्यांना दंड ठोकण्याचं ऐहिक ओझं टाकणं सरकारला प्रशस्त वाटत नाही. सबब, ज्यांच्या नैतिक वजनामुळे सबंध मोहल्ला फुलाला हात लावत नाही असे पेन्शनर शिक्षक रामराव यांची नेमणूक करण्यात आली आहे. वर्तनाच्या अहवालाचीही प्रत सोबत होती. त्यात रामरावांनी हरिहररावांची तोंड भरून स्तुती केली होती.

वैशाखात अकोल्याच्या मांडवात दुसरी खुर्ची पडली. भगवंतरावांनी आपल्या बरोबरीचे म्हणून अमरावतीच्या नव्या मॅजिस्ट्रेटना अगत्याने बोलावलं होतं. रामराव तिच्यावर बसून, शेजारच्या खुर्चीला बिनकंदिलाच्या बंड्यांविषयी सांगत होते. हरिहरराव सवयीने सतरंजीकडे वळले, तेव्हा भगवंतरावांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं.

"छे छे, तुम्ही कुठं सतरंजीवर? अरे, यांना ओळखलं काय? आमचे साडू. यांच्याकडे महादेव राहतो." आणि त्यांनी भटजींशेजारी, होमाच्या धुराच्या तोंडाशी, दर्भाचं आसन मांडून दिलं. वरपक्षाच्या चार म्हाताऱ्या येऊन पाया पडून गेल्या. एकीने सुनेला मुलगा होईल काय, म्हणून विचारलं.

"पाठ दुखून राहिली," रात्री परतीच्या गाडीत हरिहरराव म्हणाले.

"विरक्तांची दुखत नाही," गोदावरीबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून झोपल्या.

महादेवाला नदीकाठी पोचवण्याचा विचार त्यांनी एकदा खुशालजवळ काढून पाहिला. खुशालने शांतपणे डमरू उचललं. ते वाजलं की गल्ली जमते, हे हरिहररावांना ठाऊक होतं. विचार तिथेच राहिला.

राहता राहिली रोजची पूजा. महादेवाला रोज ताजं फूल पाहिजे. बाग फुलांनी भरलेली होती, पण ती सगळी त्यालाच आधी वाहिलेली. चिंतामणभटजी म्हणाले, वाहिलेलं पुन्हा वाहणं म्हणजे जेवलेल्या पाहुण्याला त्याचंच ताट पुढे करणं. काही दिवस पार्बताबाईकडून फुलं घेतली. ती फाटकाबाहेरूनच द्यायची आणि म्हणायची, "पाहा बापा, एवढी मोठी बाग अन् फुलं माह्याच मळ्यातले." तिच्या धंद्याला त्या वर्षी बरकत आली, कारण हरिहररावांच्या बागेवर जगणारे सगळे देव तिच्याकडे परत आले होते.

पुढच्या हिवाळ्यात रामरावांनी अंगण खणून घेतलं. मॅजिस्ट्रेटच्या घराला बाग शोभते, असं मड्डमसाहेब म्हणाल्या होत्या. वाफे पार्बताबाईनेच केले. तगर नव्याने लावली, जास्वंद लावली. भिंत दोन हात.

पौषातल्या एका पहाटे हरिहरराव कानाला उपरणं गुंडाळून, परडी घेऊन, रस्ता ओलांडून गेले. चवड्यांवर उभे राहिले. आकडीने जास्वंदीची फांदी ओढली. पलीकडे, झाडाच्या आड, ऑनररी मॅजिस्ट्रेट रामराव वाकून एकेक फूल हुंगत होते. दोघांची नजरानजर झाली.

"ते हुंगलेलं आहे, वकीलसाहेब," रामराव म्हणाले.

"आवाज बसलेला दिसतो तुमचा," हरिहरराव म्हणाले. "सर्दी झाली काय?" आणि त्यांनी फूल खुडलं.

आता हिशेब एवढाच. महादेवाला कप मिळाला. रामरावांना खुर्ची मिळाली. खुशाल गुरवाला गोठा मिळाला, पार्बताबाईला तिची गिऱ्हाइकं परत मिळाली, मड्डमसाहेबांना वऱ्हाडी लोकांच्या वळणाबद्दल विलायतेत लिहायला एक पत्रभर मजकूर मिळाला. हरिहररावांची म्हैस गेली, अंगण गेलं, सतरंजी गेली. उरलं ते पुण्य. ते फूल लावणाऱ्याचं, तोडणाऱ्याचं की वाहणाऱ्याचं, असं चिंतामणभटजींना विचारलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता वाहणाऱ्याचं म्हणून सांगितलं. तेव्हा आज सकाळी आपण देव्हाऱ्यात जे जास्वंद ठेवलंत, त्याचं पुण्य निःसंशय आपलंच आहे. त्याला हिवाळाभर पाणी कोणी घातलं, एवढं मात्र भिंतीपलीकडे पाहून विचारू नका. तो माणूस आता दुसऱ्याच्या भिंतीसाठी आकडी शोधतो आहे.